लाकडाची फायरप्लेस पुन्हा वापरात आणण्यापूर्वी काय तपासावे आणि रात्री झडप केव्हा बंद करावी?

ओसरी (प्रश्न)

आम्ही नुकतेच राहायला आलेल्या घराच्या बैठकीच्या खोलीत विटांनी बांधलेली, लाकडावर चालणारी फायरप्लेस आहे. आधीच्या मालकांनी ती बरीच वर्षे पेटवलेली नाही, एवढीच माहिती आम्हाला मिळाली. थंडी सुरू होण्यापूर्वी ती वापरात आणावी अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. मात्र घरात दोन लहान मुले आणि वयस्कर वडील असल्यामुळे अंदाजाने काही करण्याची माझी तयारी नाही.

आत वाकून टॉर्चच्या उजेडात जे दिसले ते सांगतो. मागच्या भिंतीच्या खालच्या भागात दोन-तीन ठिकाणी विटांच्या दरजांमधला मसाला सुटून आला आहे. धुराड्याच्या गळ्याशी असलेली लोखंडी झडप उघडते, पण अडखळत. झडपेच्या वरच्या बाजूला भिंतीवर काळा थर आहे. त्यातला काही भाग हाताला लागणाऱ्या मऊ काजळीचा आहे, तर काही भाग चकचकीत आणि कडक असून तो नखाने निघत नाही. झडप पूर्ण उघडून वर्तमानपत्राचा एक तुकडा जाळून पाहिला, तेव्हा त्याचा धूर वर न जाता थेट खोलीत आला.

हा चकचकीत थर घरच्या घरी ब्रशने साफ करता येईल का, धूर उलटा येण्याचे कारण काय असावे आणि लाकूड कोणते व किती वाळलेले असावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

विटकाम

जुन्या फायरप्लेस आणि धुराडी दुरुस्त करण्याचे काम मी करतो. आपण केलेले वर्णन वाचून पहिली विनंती अशी की, धुराडे स्वच्छ होऊन त्याची आतून तपासणी होईपर्यंत त्यात कागदाचा तुकडासुद्धा पुन्हा पेटवू नये.

आपल्याला दिसलेल्या चकचकीत थराला क्रिओसोट म्हणतात. लाकूड पूर्ण जळाले नाही की धुरात न जळलेले तेलकट वायू आणि पाण्याची वाफ शिल्लक राहते. हा धूर धुराड्यातून वर जाताना साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की त्यातले द्रव्य भिंतीवर जमू लागते. सुरुवातीला ते काजळीसारखे भुसभुशीत असते आणि ब्रशने निघते. पुढे त्याचे कडक, काळे पापुद्रे होतात. ओले लाकूड, अपुरी हवा आणि धुमसत ठेवलेला विस्तव हा क्रम चालूच राहिला, तर थरावर थर चढून अखेर डांबर ओतल्यासारखे चकचकीत कवच तयार होते. नखाने न निघणारा थर हा बहुधा याच अवस्थेतला असतो. साधा ब्रश त्यावरून घसरतो. त्यासाठी फिरत्या साखळ्यांचे यंत्र किंवा थर ठिसूळ करणारी रसायने वापरावी लागतात आणि ते काम या विषयातल्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. धुराडे साफ करणारे म्हणून विकले जाणारे कृत्रिम ओंडके थोडी मदत करतात, पण ते सफाईला पर्याय नाहीत.

हे कवच ज्वलनशील असते, म्हणून मी इतके आग्रहाने सांगत आहे. त्याने पेट घेतला तर धुराड्याच्या आतले तापमान १,१०० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. धुराड्याला आतून भाजक्या मातीच्या नळ्यांचे अस्तर असेल, तर एवढ्या उष्णतेने ते तडकते आणि त्या भेगांतून ज्वाळा, ठिणग्या व विषारी वायू भिंतीमागच्या लाकडी सांगाड्यापर्यंत पोहोचतात. अशी आग दर वेळी बाहेर दिसतेच असे नाही. काही वेळा ती मंद जळून विझते, घरातल्यांना पत्ताही लागत नाही आणि पुढच्या हंगामात त्याच भेगाळलेल्या धुराड्यात पुन्हा विस्तव पेटतो. म्हणूनच घर नव्याने ताब्यात घेतल्यावर धुराड्यात कॅमेरा सोडून वरपासून खालपर्यंत तपासणी करून घ्यावी.

अस्तर शाबूत असणे आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. धुराड्यालगतची लाकडी तुळई वर्षानुवर्षे उष्णता खात राहिली की हळूहळू कोळशासारखी होत जाते आणि मग ताज्या लाकडाला पेट घेण्यासाठी लागते त्यापेक्षा कितीतरी कमी तापमानालाही ती पेटू शकते. घराच्या आतून जाणारे विटांचे धुराडे आणि कोणताही लाकडी भाग यांच्यात किमान २ इंच मोकळी जागा ठेवण्याचा जो नियम अनेक बांधकाम संहितांमध्ये आहे, त्यामागे हेच कारण आहे. ही पोकळी नंतर कोणी लाकडी पट्ट्या ठोकून बुजवली आहे का, हे माळ्यावर जाऊन पाहावे.

सुटलेल्या दरजांकडे दुर्लक्ष करू नये. त्या भरताना मात्र साधे सिमेंट वापरू नये, कारण ते विस्तवाच्या धगीने तडकून गळून पडते. फायरप्लेसच्या आतल्या विटांसाठी उष्णतारोधक मसाला मिळतो, तोच वापरावा. जुना सैल मसाला सुमारे अर्धा इंच खोल खरवडून, धूळ झटकून आणि दरज किंचित ओलसर करून नवा मसाला दाबून भरावा व उत्पादकाने सांगितलेला वेळ तो सुकू द्यावा. त्यानंतरचे पहिले काही विस्तव अगदी लहान ठेवावेत, कारण आत राहिलेल्या ओलाव्याची एकदम वाफ झाली तर नवी दरज फुटते. एखादी वीटच हलत असेल किंवा आरपार तडकली असेल, तर ती बदलावी.

बाहेरून पाहायचे तर धुराड्याच्या तोंडावर जाळीची टोपी आहे का, हे पाहावे. ती पाऊस, पक्षी आणि उडणाऱ्या ठिणग्या या तिन्हींना अडवते. बरीच वर्षे बंद असलेल्या धुराड्यात घरटे असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे आणि आपला धूर उलटा येण्याचे तेही एक कारण असू शकते. अडखळणाऱ्या झडपेवर गंज आहे की क्रिओसोटचा थर, हे सफाईच्या वेळी कळेलच.

यापुढे वापर कमी असला तरी तपासणी वर्षातून एकदा व्हावी. अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे धुराड्यांविषयीचे २११ क्रमांकाचे मानकही वार्षिक तपासणीच सांगते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात झडपेच्या वरचा थर टोकदार सळईने खरवडून पाहावा. तो ३ मिलिमीटर जाडीचा झाला असेल तर सफाई झाल्याशिवाय पुढचा विस्तव पेटवू नये. चकचकीत थर असेल तर जाडी मोजत बसू नये. तो पातळ असला तरी काढून घ्यावा.

सरपण

विटकाम यांनी बांधकामाची बाजू सविस्तर मांडली आहे, म्हणून मी धूर आणि लाकूड यांबद्दल लिहितो.

घरटे किंवा दुसरा अडथळा नसेल, तर धूर उलटा येण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे धुराड्यात साचलेली थंड हवा. थंड हवा जड असल्यामुळे ती त्या उंच नळीत खाली दाबून बसते आणि कागदाच्या छोट्याशा ज्वाळेला ती वर ढकलता येत नाही. धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर हा त्रास हमखास होतो. तपासणी झाल्यानंतर प्रत्यक्ष वापर सुरू कराल, तेव्हा झडप पूर्ण उघडून आधी हाताचा तळवा तिच्या खाली धरावा. गार झुळूक खाली येताना स्पष्ट जाणवते. अशा वेळी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी पेटवून उघड्या झडपेच्या अगदी जवळ धरावी. सुरुवातीला धूर घुटमळतो, मग तो वरच्या दिशेने वाकतो आणि एकाएकी ज्योतच वर ओढली जाते. ओढ लागल्याची ती खूण आहे आणि ती दिसेपर्यंत खाली रचलेले लाकूड पेटवू नये.

दुसरे कारण घरातच असू शकते. स्वयंपाकघरातला किंवा न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल आणि दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर बाहेर गेलेल्या हवेची जागा घ्यायला हवा धुराड्यातूनच आत येते. पंखा बंद करून फायरप्लेसच्या खोलीतली खिडकी दोन बोटे उघडल्यावर फरक पडतो का, हे पाहावे. एवढे करूनही धूर येत राहिला, तर धुराड्याची उंची तपासावी. छप्पर भेदून ते जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर आणि १० फुटांच्या परिसरातल्या छपराच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच असावे, असा सर्वमान्य संकेत आहे.

आता लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे लाकूड जळते तेव्हा त्याची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते, ज्वाळा थंड राहते, धूर वाढतो आणि वर ज्या क्रिओसोटचे वर्णन झाले ते तयार होते. जळणातला ओलावा २० टक्क्यांपेक्षा कमी असावा. ओलावा मोजण्याचे दोन टोकांचे छोटे यंत्र मिळते, ते अवश्य घ्यावे. त्याची टोके ओंडक्याच्या सालीवर किंवा कापलेल्या तोंडावर टोचू नयेत. ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या पृष्ठभागावर मोजावे, कारण बाहेरून खडखडीत वाटणारे लाकूड आतून ओले असू शकते. यंत्र नसेल तर दोन फाके एकमेकांवर आपटून पाहावेत. वाळलेले लाकूड खणखणते, ओल्या लाकडाचा आवाज बद येतो. वाळलेल्या लाकडाच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे गेलेल्या चिराही दिसतात आणि हातात घेतल्यावर ते आकाराच्या मानाने हलके लागते.

मऊ लाकूड फोडून रचल्यावर सहा महिन्यांत किंवा वर्षभरात वाळते. ओकसारख्या कठीण लाकडाला एक ते दोन वर्षे लागतात. रास जमिनीवर थेट न रचता खाली आडव्या बल्ल्या टाकाव्यात, वरून पावसापुरते झाकावे आणि बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवाव्यात. संपूर्ण रास ताडपत्रीत गुंडाळणे ही पुष्कळ ठिकाणी दिसणारी सवय वाईट आहे, कारण आतला ओलावा आतच कोंडतो आणि लाकडाला बुरशी येते.

रंगवलेले, पॉलिश केलेले किंवा वाळवी लागू नये म्हणून रसायनात भिजवलेले लाकूड कधीही जाळू नये. जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकते; ते धुरातही येते आणि राखेतही राहते. प्लायवूड, प्लॅस्टिक, चकचकीत छपाईचे कागद आणि समुद्रात वाहून आलेले खारट लाकूडही टाळावे. पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरण्याचा विचारही करू नये.

रचनेबाबत माझे मत असे आहे की मोठे फाके खाली, त्यांच्यावर मध्यम, त्यावर बोटाएवढ्या काटक्या आणि सर्वांत वर कागद किंवा ढलप्या रचून वरून पेटवावे. विस्तव हळूहळू खाली उतरतो, सुरुवातीचा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो आणि धुराडेही लवकर तापते. विस्तव लहान ठेवावा, पण तो उजळ आणि भरपूर हवा मिळणारा असावा. भलामोठा विस्तव रचून मग त्याची हवा तोडणे हे धुराड्यासाठी सर्वांत घातक आहे.

ओसरी

आपणा दोघांचे मनापासून आभार. सफाई आणि कॅमेऱ्याची तपासणी झाल्याशिवाय काहीही पेटवायचे नाही, हे आम्ही ठरवले आहे.

एक शंका राहिली. वडिलांचे म्हणणे असे की रात्री निखाऱ्यांवर राख ओढून झडप जवळजवळ बंद केली, तर खोली सकाळपर्यंत उबदार राहील आणि सकाळी नव्याने पेटवण्याचा खटाटोपही वाचेल. त्यांनी आयुष्यभर चुलीचा विस्तव असाच राखला असल्यामुळे त्यांचा शब्द सहजासहजी मोडवत नाही. हे फायरप्लेसमध्ये चालेल का?

पहारा

मी अनेक वर्षे अग्निशमन दलात काम केले आहे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सवलतीविना ‘नाही’ असे आहे आणि वडिलांना कारण समजावून सांगितले तर त्यांनाही ते पटेल, असे मला वाटते.

राखेखाली झाकलेले निखारे हवा मर्यादित असताना जळतात आणि तेव्हा कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात तयार होतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. ज्वाळा आणि धूर दिसत नसल्यामुळे विस्तव निवला असे वाटते, पण धोका याच वेळी अधिक असतो. धुराडे थंड होत असल्याने ओढ कमी झालेली असते आणि त्यातच झडप लोटली तर हा वायू खोलीत उतरण्याखेरीज दुसरीकडे जाऊ शकत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे असतात, पण झोपेत ती कळत नाहीत. मोकळ्या हवेत किंवा चहूबाजूंनी वारा खेळणाऱ्या स्वयंपाकघरात राखलेला चुलीचा विस्तव वेगळा आणि बंद खोलीतल्या भिंतीत राखलेला विस्तव वेगळा, हा मुद्दा वडिलांपुढे ठेवावा.

म्हणून शेवटचा फाका झोपण्याच्या पुष्कळ आधी टाकावा आणि निखारे पूर्ण विझून राख थंड होईपर्यंत झडप उघडीच ठेवावी. रात्रभर उघड्या झडपेतून घरातली ऊब बाहेर जाते हे खरे आहे, पण ती गेलेली बरी. सकाळी राखेखाली एकही जिवंत निखारा उरला नसेल तरच झडप लावावी. झोपण्याच्या खोल्यांजवळ आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा गजर बसवावा. धुराचा गजर वेगळा असतो आणि तोही हवाच. दोन्हींवर बदलण्याची मुदत छापलेली असते, ती उलटून गेल्यावर चाचणीत गजर वाजत असला तरी त्याच्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला तर कारण शोधत न बसता सर्वांनी आधी घराबाहेर पडावे आणि तिथून मदत बोलवावी.

धुराड्यातून मोठा घोंघावणारा आवाज येऊ लागला, वरून दाट धूर किंवा ठिणग्यांचा फवारा निघाला, किंवा भिंत तापून उग्र वास येऊ लागला, तर आत क्रिओसोट पेटले आहे असे समजावे. घर रिकामे करून अग्निशमन दलाला बोलवावे. फायरप्लेसला दारे असतील आणि ती जाता जाता लावता आली तर लावावीत. पाणी मात्र ओतू नये, कारण तापलेले अस्तर गार पाण्याने फुटते आणि उसळलेल्या वाफेने माणूस भाजतो. आग आपोआप विझली असे वाटले तरी पुन्हा तपासणी होईपर्यंत ती फायरप्लेस बंदच राहिली पाहिजे.

राखेबद्दलही सांगतो, कारण घरांना लागलेल्या अनेक आगी विस्तवापेक्षा राखेमुळे लागतात. राखेखालचा निखारा तीन-चार दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. राख कागदी पिशवीत, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा घरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये आणि ती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून तो डबा घरापासून किमान १० फूट दूर, उघड्या जमिनीवर ठेवावा. लाकडी ओट्यावर किंवा गॅरेजमध्ये नको. फायरप्लेसमध्ये मात्र इंचभर राखेचा थर राहू द्यावा, त्याने पुढचा विस्तव चांगला धरतो.

उंबरा

मुलांचा उल्लेख आहे म्हणून थोडे लिहितो. समोर धातूची जाळी असावीच, परंतु ती फक्त ठिणग्या अडवते. स्वतः तापत असल्यामुळे मुलांना अडवण्यासाठी ती उपयोगाची नाही. त्यासाठी तिच्यापासून अंतर ठेवून भिंतीला पक्के केलेले वेगळे कुंपण मिळते. गालिचा, खुर्च्या, पडदे आणि जळणाची टोपली ३ फुटांच्या आत येऊ देऊ नये. समोरची न जळणारी फरशीही मोजून पाहावी. फायरप्लेसच्या तोंडाचे क्षेत्रफळ ६ चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर ती पुढे किमान १६ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच हवी. त्याहून मोठ्या तोंडासाठी अनुक्रमे २० आणि १२ इंच हवी.

काचेची दारे बसवण्याचा विचार असेल तर काच कोणती आहे हे विचारावे. साधी टफन्ड काच असेल तर विस्तव भडकलेला असताना दारे उघडी ठेवावी लागतात, नाहीतर ती फुटू शकते. सिरॅमिक काच उष्णता सहन करते.

वडिलांना रात्रभर ऊब हवी असेल, तर त्यांची अपेक्षा अवाजवी नाही. फक्त उघडी फायरप्लेस त्यासाठी योग्य साधन नाही. तिची बहुतेक उष्णता धुराड्यातून वर जाते आणि सोबत खोलीतली तापलेली हवाही जाते. १७९०च्या दशकात काउंट रम्फर्ड यांनी फायरप्लेसची खोली कमी करून, बाजूच्या भिंती तिरप्या करून आणि धुराड्याचा गळा अरुंद करून ही गळती पुष्कळ कमी केली. तरीही उघड्या विस्तवाच्या मर्यादा राहतातच. त्याच जागेत बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवला, तर तो त्याच लाकडातून कितीतरी अधिक ऊब देतो. मात्र त्यासाठी धुराड्यात योग्य व्यासाचे स्टेनलेस स्टीलचे अस्तर सोडावे लागते.

विटकाम

उंबरा यांच्या शेवटच्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे. स्टोव्ह बसवण्याची शक्यता थोडीही असेल, तर ती तपासणीला येणाऱ्या माणसाला आधीच सांगावी, म्हणजे तो अस्तराचा व्यास आणि वळणे त्याच दृष्टीने मोजेल. साध्या सफाईचा आणि कॅमेऱ्याच्या तपासणीचा हिशेब वेगळा असतो, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. काम झाल्यावर केवळ तोंडी निरोपावर समाधान मानू नये. अस्तराची वरपासून खालपर्यंत घेतलेली चित्रे, भेगा आढळल्यास त्यांची नेमकी जागा आणि माळ्यावरच्या २ इंच पोकळीची स्थिती लेखी घ्यावी. ती चित्रे येथे दाखवल्यास दरजांच्या दुरुस्तीबद्दल मला अधिक नेमके सांगता येईल.